वाळूतली वाट

अहिल्यानगर शहर मागे टाकून पुण्याच्या रस्त्याला लागले, की केडगाव लागते. नवरात्रात येथे रेणुकामातेच्या दर्शनासाठी माणसांची रीघ लागते आणि एरवी बाराही महिने वाहनांची. या परिसराचे आणि यंत्राच्या चाकांचे नाते जुने आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या ‘लुना’ या छोट्या दुचाकीने घराघरांत नाव मिळविले. ती तयार करणाऱ्या कायनेटिक कंपनीचा कारखाना नगरच्याच मातीत उभा राहिला. रणगाडा-दलाच्या जवानांचे शिक्षणकेंद्र येथे आहे. सैन्याच्या वाहनांची कसून परीक्षा घेणारी संशोधनसंस्थाही जवळच, वाहननगर येथे आहे. अशा गावातल्या मुलांना इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून गाडी ओळखता आली, तर त्यात नवल ते काय!

एखादा तरुण हेल्मेट न घालता, पुढचे चाक उचलून, भर रस्त्यातून गाडी पिटाळत गेला, की मुले तोंडात बोट घालून पाहत राहतात. ‘केवढा हा धीट!’ असे त्यांना वाटते. परंतु धैर्य आणि अविचार ही दोन्ही दुरून सारखीच दिसतात. त्यांतला भेद कळण्यासाठी एखाद्या खऱ्या धैर्यवान माणसाचे जीवन जवळून पाहावे लागते. बंगळुरूचे मोटारसायकल-स्वार सी. एस. संतोष यांचे जीवन असे आहे.

संतोष यांचा जन्म १९८३ साली झाला. तरुणपणी त्यांनी जो खेळ हाती धरला, त्याचे नाव मोटोक्रॉस. हा खेळ गुळगुळीत डांबरी रस्त्यावरचा नव्हे. १९२४ साली इंग्लंडमध्ये कँबर्ली या गावाजवळ काही हौशी स्वारांनी झाडाझुडपांतून, चढउतारांवरून मोटारसायकली हाकण्याची एक शर्यत भरविली. तेथपासून या खेळाचा आरंभ मानतात. पुढे तो युरोपभर पसरला आणि १९५७ पासून त्याचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. मोठ्या प्रेक्षागृहात माती आणून, तिचे उंचवटे रचून जी शर्यत खेळतात, तिला सुपरक्रॉस म्हणतात. भारतात याच प्रकाराच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात, आणि त्यांतले अजिंक्यपद संतोष यांनी एकदा नव्हे, अनेकदा मिळविले.

या खेळातली गाडी पाहिली, तर ती उघडीबोडकी वाटते. तिला दिवा नाही, भोंगा नाही, मागचे दाखविणारा आरसा नाही. टायरांना मात्र बोटभर उंचीचे रबरी दात असतात. ते माती घट्ट पकडतात. चाके आणि सांगाडा यांच्यामधले धक्के सोसणारे दांडे हातभर लांब असतात. तरीही सगळा धक्का गाडीने सोसावा, असे म्हणून चालत नाही. पट्टीचा घोडेस्वार जसा रिकिबीत उभा राहतो, तसा हा स्वार पायदाणांवर उभा राहतो. गुडघे किंचित वाकवितो आणि स्वतःच्या देहाचीच कमान करून धक्का झेलतो. बैठकीवर निवांत बसून राहणाऱ्याची येथे धडगत नसते.

उंचवट्यावरून गाडी उडाली, की स्वार क्षणभर अधांतरी असतो. पाहणाऱ्याला वाटते, आता सारे दैवाच्या हाती! परंतु तसे नसते. गाडीचे नाक खाली झुकू लागले, तर स्वार मूठ पिळतो. मागचे चाक अधिक वेगाने फिरते आणि नाक वर येते. नाक फारच वर गेले, तर तो मागचा ब्रेक दाबतो. चाक थांबते आणि नाक खाली येते. जे आपल्याला साहस वाटते, त्याच्या पोटात असे ज्ञान दडलेले असते. ते एका दिवसात येत नाही. एकच उडी शेकडो वेळा मारावी, पडावे, उठावे, चूक कोठे झाली ते शोधावे आणि पुन्हा तीच उडी मारावी, तेव्हा कोठे हाताला ते वळण लागते.

मैदानातली शर्यत कितीही कठीण असली, तरी तिची वाट ठाऊक असते. दुसऱ्या फेरीत स्वाराला प्रत्येक उंचवटा ओळखीचा होतो. संतोष यांना यापुढची हाक ऐकू आली. देशातल्या मैदानांवरचा मान पदरात पडल्यावर ते वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळले. तेथे वाट ओळखीची नसते. पुष्कळदा वाटच नसते. तेथे त्यांचे राष्ट्रीय अजिंक्यपद कोणाला ठाऊक नव्हते. ज्याला आपल्या गावात सारे ओळखतात, त्याने दुसऱ्या देशात जाऊन शेवटच्या ओळीत उभे राहावे, याला निराळेच धैर्य लागते.

त्या धैर्याची परीक्षा लवकरच झाली. २०१३ साली अबू धाबीच्या वाळवंटातील शर्यतीत ते पडले आणि त्यांच्या गाडीने पेट घेतला. मानेला भाजल्याच्या जखमा झाल्या. त्या वेळी त्यांनी हा खेळ सोडला असता, तर कोणीही त्यांना नावे ठेवली नसती. परंतु जखमा भरल्यावर ते पुन्हा वाळूकडे वळले, आणि २०१५ च्या जानेवारीत डाकार शर्यतीच्या आरंभरेषेवर मोटारसायकल घेऊन उभे राहिले. त्यांच्यापूर्वी या रेषेवर एकही भारतीय स्वार उभा राहिलेला नव्हता.

डाकार ही जगातली सर्वांत खडतर शर्यत मानली जाते. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघालेले स्वार सहारा ओलांडून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील डाकार शहरी गेले, तेव्हापासून तिला हे नाव पडले. पुढे ती दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरू लागली. नाव मात्र तेच राहिले. सुमारे दोन आठवडे रोज शेकडो किलोमीटर धावायचे. स्वार एकटा असतो. त्याच्यासमोर वाटेच्या खुणांची एक लांब नोंदपट्टी असते. इतक्या किलोमीटरांवर कोरडी नदी, तेथून डावीकडे. पुढे खोल खड्डा, सावध राहा. अशा त्या खुणा. एका डोळ्याने खुणा वाचायच्या आणि दुसऱ्याने समोरचा दगड चुकवायचा! वेगाने जाणे पुष्कळांना साधते. वेगाने जात असताना डोके शांत ठेवून वाचणे फार थोड्यांना साधते.

२०१५ ची शर्यत अर्जेंटिना, चिली आणि बोलिव्हिया या तीन देशांतून गेली. बोलिव्हियात उयुनी नावाचा मिठाचा अफाट पठारी प्रदेश आहे. तो समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. तेथली हवा इतकी विरळ, की चालतानाही दम लागतो. त्यातच पाऊस झाला. मिठावर पाणी साचले, आणि ते खारे पाणी गाड्यांच्या यंत्रांत शिरून कितीतरी नामांकित स्वार जागच्या जागी थांबले. निघालेल्या मोटारसायकलींपैकी सुमारे निम्म्याच शेवटपर्यंत पोहोचल्या. त्यांत संतोष होते. त्यांचा क्रमांक छत्तिसावा लागला.

छत्तिसावा क्रमांक! घरी गुणपत्रिका आणणाऱ्या मुलाला हा आकडा फारसा अभिमानाचा वाटणार नाही. परंतु ज्या वाटेवर आपल्या देशातले कोणी कधी गेलेच नव्हते, त्या वाटेवर शेवटपर्यंत जाऊन येणे हाच त्या वर्षीचा विजय होता. तो मिळाल्यामुळे मागून येणाऱ्यांना कळले, की हे आपल्यालाही साधण्याजोगे आहे.

त्यानंतर भारतातल्या हीरो कंपनीने आपला चमू या शर्यतीत उतरविला आणि संतोष त्या चमूतून धावू लागले. २०१७ साली ते सत्तेचाळिसावे आले, २०१८ साली चौतिसावे. २०१९ साली अपघातामुळे शर्यत अर्धवट सोडावी लागली. २०२० हे वर्ष तर दुःखाचे ठरले. १२ जानेवारी रोजी त्यांचे सहकारी, पोर्तुगालचे अनुभवी स्वार पाउलो गोन्साल्विस, शर्यतीतच मृत्युमुखी पडले. साऱ्या चमूने शर्यत तेथेच थांबविली. काही प्रसंगी पुढे जाण्यापेक्षा थांबण्यातच माणुसकी असते.

पुढच्या वर्षी संतोष पुन्हा सौदी अरेबियात गेले. ६ जानेवारी २०२१ रोजी, चौथ्या टप्प्यात, खडकाळ प्रदेशात ते वेगाने कोसळले. डोक्याला मार बसला. हेलिकॉप्टरने त्यांना रियाधच्या रुग्णालयात हलविले आणि मेंदूला विश्रांती मिळावी म्हणून डॉक्टरांनी औषधांनी त्यांना बेशुद्धावस्थेत ठेवले. इकडे देशभरातले क्रीडाप्रेमी बातमीकडे डोळे लावून बसले होते. काही दिवसांनी ते शुद्धीवर आले. पुढचे उपचार मायदेशी झाले आणि ते हळूहळू बरे झाले.

येथे एक प्रश्न मनात उभा राहतो. एवढी काळजी घेणारा, एवढा तयारीचा स्वार. त्याच्यावरही असा प्रसंग आला. मग त्या हेल्मेटचा, त्या छातीवरच्या चिलखताचा, मानेभोवतीच्या आधाराचा, त्या वर्षानुवर्षांच्या सरावाचा उपयोग काय झाला? उपयोग हाच, की ते परत आले. तयारी संकट टाळण्याचे वचन देत नाही. संकटातून परतण्याची शक्यता मात्र वाढविते. धैर्यवान मनुष्य आपल्या जिवाची किंमत जाणतो, म्हणूनच तो चिलखत घालतो. अविचारी मनुष्याला ती किंमत ठाऊकच नसते.

बंगळुरूजवळ कोलारच्या बाजूला संतोष यांनी ‘बिगरॉक’ नावाचे एक प्रशिक्षण-मैदान उभारले आहे. मातीवर गाडी कशी चालवावी, कसे उभे राहावे, कसे पडावे आणि कसे थांबावे, हे तेथे पद्धतशीर शिकवितात. त्यांनी पाडलेल्या वाटेवरून पुढे आणखी पावले उमटली. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे यांनी २०१९ साली वाळवंटी शर्यतींचा महिला गटातील विश्वचषक जिंकला. केरळमधील शोरनूरचे हरित नोहा हेही मुळात सुपरक्रॉसचे राष्ट्रीय विजेते. त्यांनी २०२४ च्या डाकार शर्यतीत आपल्या गटात पहिला आणि एकूण स्वारांत अकरावा क्रमांक मिळविला. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून देशोदेशींच्या स्वारांची सुपरक्रॉस शर्यत भरली. केडगावपासून ते ठिकाण सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर आहे. एके काळी परदेशात जाऊन शोधावा लागणारा हा खेळ असा दाराशी आला.

तो दाराशी आला, म्हणून रस्त्यावर आणावा असे मात्र नव्हे. शर्यतीच्या मैदानावर जो उतरतो, तो स्वतःचा धोका समजून उमजून पत्करतो. रस्त्यावरून दूध घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्याने किंवा शाळेत निघालेल्या मुलीने तसा काही धोका पत्करलेला नसतो. त्यांच्या अंगावरून गाडी पिटाळण्यात कसले आले शौर्य!

वाळवंटातल्या स्वारांची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोंदपट्टीवरची खूण आणि समोरची भूमी यांचा मेळ बसेनासा झाला, की कसलेला स्वार तशीच गाडी पुढे दामटीत नाही. तो थांबतो, मागे वळतो, जी शेवटची खूण बरोबर होती तेथपर्यंत परत जातो आणि तेथून नव्याने वाट शोधतो. त्यात मौल्यवान मिनिटे जातात, इतर स्वार पुढे निघून जातात. पण मुक्कामाला तोच पोहोचतो. वेग हे यंत्राचे सामर्थ्य आहे. केव्हा थांबावे आणि केव्हा वळावे, हे ओळखणे हे माणसाचे.