बालाघाटावरून समुद्राकडे

दिवाळीची सुट्टी जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, दोन दिवस समुद्रावर जाऊन यावं म्हणतोय. लेकरं मागंच लागलीत. आईलाही न्यावं का?" विचारणाऱ्याच्या शेजारी बहुधा आई बसलेली असते आणि ती खाली जमिनीकडे पाहत असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत मी रक्तदाब तपासून, साखरेचा आकडा पाहून "खुशाल न्या" असे सांगत असे. आता मी आधी एक प्रश्न त्या आईलाच विचारते. तो प्रश्न मला माझ्याच घरातल्या एका सहलीने शिकवला.

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या रांगांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेला. समुद्र ही आपल्याकडे पुस्तकातली वस्तू. माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आईच म्हणते, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. खूप पाणी म्हणजे त्यांच्या लेखी नळदुर्गच्या किल्ल्यातून पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी हंडाभर पाण्यासाठी काय पायपीट केली, ते घरातल्या प्रत्येक पोराने ऐकलेले आहे. त्यांना समुद्र दाखवायचा असे आमच्या घरात वर्षानुवर्षे चालले होते. अखेरीस माझी लेक, जावई आणि त्यांची दोन मुले, पाच वर्षांची नात आणि दीड वर्षाचा नातू, थंडीच्या दिवसांत घरी आली आणि बेत ठरला. ठिकाण गणपतीपुळे. देवदर्शनही होईल आणि समुद्रही दिसेल.

आपल्या जिल्ह्याची एक सोय म्हणजे रत्नागिरी–नागपूर हा महामार्ग तुळजापुरावरूनच जातो. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट उतरला की कोकण. रस्ता सरळ असला तरी अंतर चारशे किलोमीटरहून अधिक भरते. जावयांना दोनच दिवसांची रजा होती. तेव्हा शनिवारी पहाटे चारला निघायचे, संध्याकाळी सूर्यास्त पाहायचा, रविवारी पहाटे दर्शन घेऊन परत फिरायचे, असा हिशेब. पुण्या-मुंबईच्या माणसाला दोन दिवसांची सहल जमते, कारण समुद्र त्याच्या जवळ आहे. आपण तोच हिशेब मराठवाड्यातून मांडला, आणि मी डॉक्टर असूनही त्याला मान डोलावली.

प्रवासात माझे सगळे लक्ष मुलांकडे होते. नातवाचे लंगोट किती वेळा बदलले, नातीने दूध किती घेतले, घाटात ओकारी येऊ नये म्हणून तिला खिडकीतून दूरवर बघायला लावणे. आई मागच्या आसनावर शांत होत्या. सोलापुरात चहासाठी थांबलो, त्या उतरल्या नाहीत. सांगोल्यात "तुम्ही या जाऊन, मी बसते." मिरजेत घोटभर पाणी. कोल्हापुरात जेवणाला दोन घास. मी विचारले, तर म्हणाल्या, "मला तहानच न्हाई गं." मी ते खरे मानले.

दुपारी चारच्या सुमारास गणपतीपुळ्यात मुक्कामाच्या घरासमोर गाडी थांबली. आई उतरल्या, दोन पावले चालल्या आणि त्यांचे गुडघे दुमडले. माझे पती मागे होते म्हणून त्यांनी सावरले, नाहीतर पायरीच्या दगडावर खुब्याचे हाड गेले असते. आत नेऊन आडवे केले, पाय उशीवर उंच ठेवले. जीभ कोरडी, नाडी जलद, रक्तदाब वरचा नव्वद. साखर तपासली, ती ठीक होती. छातीत दुखत नव्हते, बोलणे स्पष्ट होते, चेहरा आणि हातपाय व्यवस्थित. घोटघोट करून जलसंजीवनी पाजली. तासाभराने रंग परतला. मग विचारले, "आई, पाणी शेवटचं कधी प्यालात?"

"पहाटं, गोळी घेतली तवा. वाटंत बाईमाणसानं कुठं जायचं? सारखी गाडी थांबवायची म्हंजी तुमचा सगळ्यांचा खोळंबा."

ती गोळी माझ्याच चिठ्ठीवरची. रक्तदाबाच्या औषधासोबत लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारे औषध तिच्यात एकत्र होते. गोळी आपले काम करत राहिली आणि आईंनी पाणी बंद केले. बारा तास बसून राहिल्यावर एकदम उभ्या राहिल्या, तेव्हा रक्तदाब घसरला. मला अधिक टोचले ते दुसरेच. त्या दिवशी मीही पाणी मोजूनच प्यायले होते, अगदी त्याच कारणाने. जे मी स्वतः करत होते, ते दुसरी बाई करत असेल हे मला सुचले नाही.

म्हणून आता दवाखान्यात माझा पहिला प्रश्न असतो: "आजी, वाटेत लघवीला कुठं थांबणार, ते ठरवलंय का?" बरोबरच्या मुलाला हा प्रश्न विचित्र वाटतो. आजी मात्र प्रथमच मान वर करून माझ्याकडे बघते.

वाचकांनी या मागचे शरीरशास्त्र समजून घ्यावे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवण्याची क्षमताही कमी होते. "तहान नाही" हे वृद्धांच्या बाबतीत पाणी पुरेसे असल्याचे लक्षण नव्हे. लहान मुलांचे शरीरही पाणी लवकर गमावते आणि दीड वर्षाच्या मुलाला तहान लागली असे सांगता येत नाही. म्हणजे गाडीत वयाच्या दोन टोकांना बसलेली माणसे एकाच धोक्यात असतात. फरक एवढाच की बाळ रडते आणि आजी गप्प बसते.

यासाठी प्रवासाची आखणी अंतराप्रमाणे न करता थांब्यांप्रमाणे करावी. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, कुणी मागितले नाही तरी. स्वच्छतागृह बरे असेल अशी जागा आधीच ठरवावी आणि प्रत्येक थांब्यावर सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला प्रथम उतरवावे. चार पावले चालल्याने पायांतले रक्त साकळत नाही. उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसावे, मगच उभे राहावे. लघवीची गोळी मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर दिवसाचे प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. इन्शुलिन तापलेल्या डिकीत ठेवू नये. घाट लागतो म्हणून मुलांना आणि वृद्धांना सरसकट ओकारीची गोळी देऊ नये. तिने गुंगी येते, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडू शकते.

जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. मात्र प्रत्येक चक्कर पाण्याअभावी येत नाही. छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गणपतीपुळ्यासारख्या लहान गावातून मोठ्या उपचारांसाठी रत्नागिरीच गाठावी लागते, हे मुक्काम ठरवतानाच लक्षात ठेवावे.

त्या संध्याकाळी सूर्यास्त कुणीच पाहिला नाही. रविवारी पहाटे परतायचे नाही, असे रात्री ठरले. जावयांनी रजा वाढवली, मी सोमवारचा दवाखाना बंद ठेवला. घरमालक आजोबा आईंची विचारपूस करायला आले. सकाळी समुद्रावर कधी जावे, असे मी विचारले, तर ते म्हणाले, "तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल, तितके वाजता भरती पूर्ण. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी." मी फोन शोधू लागले. अंथरुणावरून आई म्हणाल्या, "उद्या तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. म्हंजी सव्वाआठला पाणी माघारी."

चौथीपर्यंत शिकलेल्या आईंना पाऊणकी पाठ होती आणि तिथी तर रोजच तोंडावर. घरमालकांनी कौतुकाने मान डोलावली. त्या क्षणापासून सहलीचे घड्याळ आईंच्या हाती आले. हा ठोकताळा आहे, काटेकोर वेळापत्रक नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती अधिक वर चढते, तेव्हा किनाऱ्यावरचे फलक आणि जीवरक्षकांची सूचना हीच अखेरची. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला देखणा असला तरी पोहण्यासाठी धोक्याचा म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलही टाकू नये. आणखी एक गोष्ट मी तिथे पाहिली. लाट माघारी जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. नातवंडाचा हात धरून उभी असलेली आजी आणि आजीच्या हाताला लटकलेले नातवंड एकमेकांना सावरू शकत नाहीत. पाण्याच्या कडेला मूल सांभाळण्याचे काम म्हाताऱ्या माणसावर सोपवू नये. ते धडधाकट माणसाने, हाताच्या अंतरावर राहून, फोन खिशात ठेवून करावे.

सकाळी साडेसातला आम्ही ओल्या, घट्ट वाळूवर प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आई चपला घालूनच बसल्या. मधुमेही वाचकांनीही वाळूत अनवाणी चालू नये, बधिर पायांना शिंपला रुतलेला किंवा दुपारची तापलेली वाळू कळत नाही. पाणी बरेच मागे गेले होते. आई पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातीला सांगून त्यांनी बादलीत समुद्राचे पाणी आणवले, तीर्थासारखे डोळ्यांना लावले आणि जिभेवर थेंब घेऊन हसल्या. "खरंच खारट हाय की."

नऊ वाजता आम्ही उठलो. चाळीस अंशांच्या उन्हाची सवय असलेल्या आपल्या माणसांना कोकणातले तीस-बत्तीस अंश किरकोळ वाटतात, ही फसवणूक आहे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, पाणी जाते आणि गारवा मिळत नाही. म्हणून अकरा ते चार ही वेळ सावलीची, विश्रांतीची. मंदिराची टेकडीभोवतीची सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा आम्ही आईंना करू दिली नाही; किनाऱ्यालगतच्या मंदिरात त्यांनी दर्शन घेतले. दुपारी उन्हे कलल्यावर शेजारच्या मालगुंडला गेलो. कवी केशवसुतांचा जन्म १८६६ मध्ये या गावात झाला, त्यांचे स्मारक तिथे आहे. शांत, सावलीची जागा. मग रत्नागिरीच्या वाटेवरील आरे-वारेचा रस्ता. तो समुद्राला इतका बिलगून जातो की ज्यांना वाळूत चालवत नाही, त्यांनाही गाडीत बसून पोटभर समुद्र दिसतो. सूर्यास्त आम्ही तिथेच पाहिला.

परतताना कोल्हापुरात मुक्काम केला. तेव्हापासून मी रुग्णांना हेच सांगते: धाराशिवहून समुद्र गाठायचा तर जाताना एक आणि येताना एक रात्र वाटेत काढा. रजा तेवढी नसेल तर बेत पुढे ढकला, समुद्र कुठे जात नाही.

त्या परतीच्या प्रवासात एक नवी व्यवस्था नातीकडे सोपवली होती. दर तासाला पेला भरून ती पणजीपुढे धरायची. मुलाला, सुनेला "नको" म्हणणाऱ्या आईंना तिला नाही म्हणता येईना. मंगळवेढ्याच्या अलीकडे आईंनीच पुढे हाक मारली, "जावईबापू, गाडी जरा थांबवा." गाडी लगेच बाजूला घेतली. मीही त्यांच्याबरोबर उतरले.