लोहचुंबक

इंग्लंडात स्थायिक झालेले सांगलीकडील एक श्रावक १९७१ सालची ‘एमजीबी’ पाहावयास गेले. पती निवर्तल्यापासून ती गॅरेजात बंद होती. “इंजिन सुरूच होत नाही,” असे सांगून वृद्ध बाई ती भंगाराच्या भावात देण्यास तयार झाल्या.

इंजिनाकडे न पाहता त्यांनी खिशातून लोहचुंबक काढला. या गाडीस वेगळी चासी नसते. दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्या हाच तिचा कणा. त्या गंजल्या की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या मोलाला गाठतो. पुष्कळदा वर चकाकता रंग, खाली नुसती पुट्टी. तिच्यावर चुंबक ठरत नाही. येथे मात्र तो टोकापासून टोकापर्यंत घट्ट बसत गेला. इंजिन तर १७९८ सीसीचे, अगदी साधे. सुटे भाग आजही मिळतात. बहुधा पेट्रोलचा पंपच अडकला असावा.

“उद्या कळवतो,” म्हणून ते बाहेर पडले आणि रस्त्याकडेला बराच वेळ उभे राहिले. अचौर्य म्हणजे न दिलेले न घेणे, असे पाठशाळेत शिकले होते. इथे तर बाई आपण होऊन देत होत्या!

ते परत फिरले. बाईंना गॅरेजात नेऊन त्यांनी लोहचुंबक त्यांच्या हाती दिला.