बांधलेली चाकं

उसाच्या हंगामात मांडवगण फराट्याच्या शिवारात शिरलं, की जगातला सगळ्यात सरळ स्वभावाचा पुढचा एक्सल बघायला मिळतो. ट्रॅक्टरचा. एक आडवा बीम, मधोमध एक जाडजूड पिन, संपलं. डावं चाक सरीत उतरलं की उजवं तेवढंच वर येतं, आणि इंजिनाला त्याची खबरही लागत नाही. बीड-नगरकडून आलेल्या तोडणीच्या टोळ्यांच्या टायरगाड्यांचा हिशेबही तोच: एका आसाला दोन चाकं, एकाचं सुखदुःख दुसऱ्याला भोगायला लागतं.

भीमा आणि घोड यांच्या मधल्या या पट्ट्यात म्हणूनच एका शहरी हौसेचं मला हसू येतं, आणि मग हेवाही वाटतो. 2010 साली आलेली थार घ्यायची, तिचं पुढचं अंग कापून काढायचं आणि तिथे जुन्या जीपसारखं अखंड एक्सलचं हाऊसिंग पाट्यांवर बसवायचं! कंपनीने डिझेल सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बारवरचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, ते चांगल्यासाठीच. दोन्ही चाकं आपापला खड्डा बघतात, हायवेला गाडी सरळ धावते, पाठ शाबूत राहते. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सनेही 2021च्या गुरख्यात हाच रस्ता धरला. त्याआधीच्या गुरख्याला पुढेही अखंड एक्सल होता. सगळे सुटायला निघालेले असताना ही हौशी मंडळी चाकं परत बांधायला निघालीत.

कारण बांधावर कळतं. गाडी तिरकी चढली की एक चाक वर दाबलं जातं. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये दुसरं चाक आपल्यापुरतं लोंबकळतं. हाफ शाफ्टच्या जॉइंटला जेवढा कोन सोसतो तेवढंच खाली जातं, आणि मग हवेत फिरत बसतं. अखंड एक्सलमध्ये वर गेलेलं चाकच दुसऱ्याला जमिनीवर रेटतं. शिवाय डिफरेन्शियलचा गोळा जमिनीपासून कायम तेवढ्याच उंचीवर. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये गाडी दबली, की पोटही दगडाजवळ येतं. मात्र काळ्या रानात पाऊस झाल्यावर यातलं काही कामी येत नाही. तिथे टायर बोलतो, आणि तो घसरला तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

काम सोपं वाटतं, सोपं नाही. टॉर्शन बार, आर्म, चॅसीला टांगलेला गोळा, सगळं उतरवायचं. मग पाट्यांचे हँगर चॅसीला वेल्ड करायचे, आणि इथे एका बाजूला थोडाही फरक पडला तर गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी चालते. हाऊसिंगचा गोळा ट्रान्सफर केसच्या पुढच्या शाफ्टच्याच बाजूला हवा. त्यानंतर दात मोजायचे. जुन्या सीजे-3बी जीपच्या क्राउनला 43 आणि पिनियनला 8, म्हणजे 5.38. मागचं गुणोत्तर वेगळं राहिलं तर फोर व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि कोरड्या रस्त्यावर गिअर नाहीतर शाफ्ट तुटतो. स्टेअरिंगचं रॅकही जातं. त्याजागी बॉक्स आणि ड्रॅग लिंक. ड्रॅग लिंकचा कोन चुकला तर प्रत्येक खड्ड्याला गाडी आपणहून वळायला बघते.

आणि हे करून रस्त्यावर चालवायचं कसं, हा वेगळाच प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीची मूळ रचना बदलू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावून सांगितलं. ज्यांना हौसच भागवायची, ते अशी गाडी ट्रेलरवर घालून ऑफ-रोडच्या मैदानावर नेतात. ज्याच्याकडे 1980च्या दशकातली एमएम 540 जीप आहे, त्याला हे काहीच करावं लागत नाही. त्याने फक्त किंगपिनचे बेअरिंग बदलावेत आणि पाट्यांना ग्रीस द्यावं.

एवढं करूनही अखंड एक्सलच्या गाडीचं साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागतं ते लागतंच. आधी टायर बॅलन्स करायचे, टायरॉडचे एंड हाताने हलवून बघायचे. तिथेही दोष नसला तर पुन्हा जॅक लावून यू बोल्ट सैल करायचे, पाट्याच्या बैठकीत दोन-तीन अंशांची पाचर सारायची, कॅस्टर वाढवायचा, बोल्ट आवळायचे आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला गाडी काढायची.