रिजेक्शनच्या ढिगापाशी

कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांकडून कार्यशाळेची विचारणा येते तेव्हा विषय बहुतेक ठरूनच आलेला असतो. नावीन्य, व्यवसाय प्रक्रिया आणि शाश्वतता, तिन्ही एका दिवसात. दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्रं. मी विषयाला कधी नाही म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी विचारते. आधी शॉपवर येऊन उभं राहायला मिळेल का? आणि त्या दिवशीचे ठेक्यावरच्या मोल्डरचे पैसे कोण देणार?

दुसऱ्या प्रश्नावर समोरचा थबकतो. हातमोल्डिंग करणाऱ्याला पेटीमागे पैसे मिळतात. तो दिवसभर माझ्यासमोर बसला तर त्याचा तो दिवस बुडाला. त्याची रोजची कमाई धरून द्यायची तयारी असेल तरच मी तारीख घेते. याबाबतीत मी हट्टी आहे आणि राहणार. ज्याचा दिवस बुडतोय त्याच्याकडून नवी कल्पना मागायचा हक्क आपल्याला नाही.

अशा कार्यशाळांची मागणी वाढली त्यामागे एक साधं कारण आहे. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा व्यवसायातील जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. वीज किती, पाणी किती, कचरा किती, कामगारांची सुरक्षितता कशी, हे सगळं त्यात लिहावं लागतं. मोठ्या कंपनीला हे प्रश्न पडले की ते तिच्या पुरवठादारांपर्यंत झिरपतात. ट्रॅक्टर, पंप, गिअरबॉक्स बनवणारे ग्राहक मग शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीला तक्ता पाठवतात: टनामागे वीज किती लागते? मालकाला महिन्याचं वीजबिल पैशापर्यंत पाठ असतं. चांगल्या मालाच्या टनामागे किती युनिट, हे मात्र सांगता येत नाही. तक्ता टेबलावर पडून राहतो आणि कुणीतरी मला फोन करतं.

या गावाला नावीन्य शिकवायला बाहेरून कुणी यावं, अशी इथली परिस्थिती कधीच नव्हती. ऑइल इंजिनांच्या भागांपासून इथलं ओतकाम वाढलं. म्हादबा मेस्त्री या जुन्या कारागिराच्या गोष्टी उद्यमनगरात अजून सांगतात. म्हणून मी कार्यशाळेची आखणी करताना एकच गृहीत धरते: उत्तरं शॉपवर आहेत, पण ती वेगवेगळ्या माणसांकडे विखुरलेली आहेत आणि त्या माणसांना एका टेबलाशी बसायची वेळ कधी येत नाही. ती वेळ घडवून आणणं हेच माझं काम.

टोयोटाचे ताइइची ओनो म्हणे शॉपवर खडूने वर्तुळ काढायचे आणि इंजिनिअरला त्यात उभं करायचे. काय दिसतं ते बघ, एवढंच सांगायचे. मीही कार्यशाळेआधी असं उभं राहून घेते. फर्नेसपाशी, मोल्डिंगपाशी, साचा फोडून कास्टिंग काढतात त्या नॉकआउटपाशी, कास्टिंग घासून साफ करतात त्या फेटलिंगपाशी, आणि सगळ्यात जास्त वेळ मागच्या बाजूच्या रिजेक्शनच्या ढिगापाशी. नाकारलेली कास्टिंग पुन्हा वितळवायला तिथे जमा होतात. “ते काय, परत भट्टीतच जातं, वाया काहीच जात नाही,” हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक फाउंड्रीत ऐकलंय. लोखंड बहुतांशी वाया जात नाही हे खरंच. पण ते एकदा वितळवायला लागलेली वीज, मोल्डरचे कष्ट, कोअर, फेटलिंगच्या चाकांची झीज आणि ग्राहकाला दिलेली तारीख, यातलं काहीही भट्टीतून परत येत नाही.

एका फाउंड्रीतली कार्यशाळा तपशिलात सांगते, कारण आखणी कशी करावी याचं माझं सगळं म्हणणं त्या दिवसात आहे.

मालकांनी हॉटेलचा हॉल ठरवला होता. मी कँटीन मागितलं. कँटीन शॉपला लागून असतं, शंका आली की उठून बघून येता येतं, आणि कामगार तिथे पाहुण्यासारखे अवघडून बसत नाहीत. माणसं मीच निवडली. दोन मोल्डर, फर्नेस ऑपरेटर, सँड प्लँटचा मुलगा, कोअर शॉपमधल्या दोघी, फेटलिंगचा एक तरुण, पॅटर्न शॉपचे मिस्त्री, डिस्पॅचचा क्लार्क, अकाउंट्समधल्या ताई, सुपरवायझर आणि मालक. मालकांना सकाळच्या सत्रात बोलायची परवानगी नव्हती. हे त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं आणि त्यांनी ते पाळलं. फेटलिंगचा तरुण बिहारचा होता, म्हणून मराठीबरोबर हिंदीतही बोलायचं ठरलं.

टेबलांवर कागद-पेनऐवजी ढिगातली कास्टिंग ठेवली. आदल्या आठवड्यातली, एकाच पॅटर्नची, हीट नंबर वाचता येईल अशी. पहिलं काम एवढंच: ही कास्टिंग हीट नंबरप्रमाणे लावा. हीट नंबर म्हणजे वितळवणीच्या खेपेचा क्रमांक; त्यावरून लॉगबुकात ओतायची वेळ सापडते. सकाळची एका टोकाला, संध्याकाळची दुसऱ्या. प्रत्येक कास्टिंगवर दोष कुठला ते खडूने लिहायचं. ब्लो होल, सँड इन्क्लुजन, कोल्ड शट, जे दिसेल ते.

लिहिण्यावाचण्याचा संकोच असणारी माणसं या कामात सगळ्यांच्या पुढे होती. हात कास्टिंगवर फिरवून दोष सांगत होती. अर्ध्या तासात टेबल भरलं आणि कुणी काही न बोलता सगळे एकाच बाजूला बघायला लागले. सकाळचा भाग जवळजवळ रिकामा. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर गर्दी.

मग नेहमीचं सुरू झालं. मोल्डिंग म्हणे मेटल थंड येतं, मेल्टिंग म्हणे साचे ओले असतात, सँडवाला गप्प. मी जुन्या मोल्डरमामांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते उठले, बाहेर जाऊन मूठभर सँड घेऊन आले, मूठ दाबली आणि उघडली. बोटांचे ठसे उमटले, पण गोळा कडेने झरायला लागला.

“मॅडम, सकाळी हीच सँड हातात गार लागती. दुपारी बगा, कोमट हाय. पानी उडून जातंय. मग आमी वरनं पानी मारतो.”

“किती मारता?”

“हाताच्या अंदाजानं.”

सगळा प्रश्न त्या मुठीत होता. ग्रीन सँड म्हणजे सिलिका सँड, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि जेमतेम तीन-चार टक्के पाणी. नॉकआउटमधून परत आलेली सँड पुरेशी थंड होण्याआधी पुन्हा वापरात आली की साच्याचा वरचा थर वाळतो, कण सुटतात आणि कास्टिंगमध्ये शिरतात. ते टाळायला वरून पाणी मारलं आणि ते जास्त झालं, की ओततेवेळी त्याची वाफ होते आणि ब्लो होल पडतात. टेबलावर दोन्ही दोष शेजारीशेजारी पडलेले होते. सँडची चाचणी होत होती, पण दिवसातून एकदा, सकाळी आठला. सँड सर्वांत चांगली असते नेमकी तेव्हाच.

हे मामांना कित्येक वर्षांपासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला याचा फार त्रास होतो आणि तो मी लपवत नाही. सल्लागारांच्या अहवालांवर खर्च होतो, नवीन मशीनचं कोटेशन मागवलं जातं आणि हाताला कोमट लागलेली सँड कुठल्याही कागदावर येत नाही.

इथपर्यंत आल्यावर मी फळ्यावर हिशेब मांडला, तोही त्यांच्याकडून आकडे घेत. फर्नेस ऑपरेटरने सांगितलं, टनभर मेटल वितळवायला साधारण ६०० युनिट. ओतलेल्या मेटलपैकी रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठणारं मेटल, जाऊन कास्टिंग म्हणून उरतं ६० टक्के. म्हणजे टनभर कास्टिंगला १००० युनिट. त्यातून आठ टक्के रिजेक्शन गेलं, की चांगल्या मालाच्या टनाला जवळजवळ १०८७ युनिट, नुसत्या मेल्टिंगचे. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर साडेसातशे किलोच्या वर. ग्राहकाच्या तक्त्यातला रकाना असा भरला गेला. शाश्वतता हा शब्द त्या क्षणापर्यंत दिवसभरात कुणी उच्चारला नव्हता. मी तो मुद्दाम उशिरा आणते. आधी आणला की माणसं झाडं लावण्याविषयी बोलायला लागतात आणि भट्टी बाजूला राहते.

दुपारी भिंतीवर तपकिरी कागदाचा लांब पट्टा लावला आणि त्यावर ऑर्डर आल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचा प्रवास मांडला. जो टप्पा ज्याच्या हातचा, त्यानेच तो लावायचा. जिथे थांबावं लागतं तिथे लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठ्या सर्वांत जास्त कुठे पडल्या? पॅटर्न शॉपमध्ये. ड्रॉइंगमधला बदल ग्राहकाकडून मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, मालक प्रवासात असतात, पॅटर्न मिस्त्रींना कळतो दोन दिवसांनी. तोवर जुन्या मापाची पेटी ओतून झालेली असते. मालकांना आता बोलायची मुभा होती. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की ड्रॉइंग डिस्पॅचच्या क्लार्ककडे जाईल, तो छापील प्रत पॅटर्न शॉपमध्ये लावेल आणि जुनी काढून घेईल.

अकाउंट्समधल्या ताईंना मी फर्नेस ऑपरेटरशेजारी बसवलं होतं, त्याचं फळ इथे मिळालं. कंपनीत वीजबिल तारखेवारीने वाचणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी विचारलं, “माल तेवढाच, मग काही दिवशी युनिट एवढी का वाढतात?” ऑपरेटर लगेच म्हणाला, “त्या दिवशी मेटल तयार असतंय, पेट्या तयार नसत्यात. धरून ठेवायला लागतंय.” वितळलेलं लोखंड तापमानाला धरून ठेवायला वीज जातेच, आणि झाकण उघडं असेल तर आणखी. वर्षानुवर्षं एकाच गेटमधून ये-जा करणारी ही दोघं कामाविषयी एकमेकांशी प्रथमच बोलत होती.

वीज कंप्रेसरच्या हवेतूनही गळते. त्याची चाचणी मी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवते, कारण शॉप बंद असल्याशिवाय ती होत नाही. हवेचा वापर शून्य असताना कंप्रेसर चालू करायचा आणि तो किती वेळ लोडवर, किती वेळ अनलोडवर राहतो ते मोबाइलच्या घड्याळावर मोजायचं. तीन मिनिटं लोड आणि सात मिनिटं अनलोड, तर क्षमतेच्या तीस टक्के हवा गळतीत चालली आहे. बंद शॉपमध्ये गळती कानाला ऐकू येते. पोरं साबणाचं पाणी घेऊन पाइपलाइनभर फिरतात आणि बुडबुडे दिसतील तिथे चिंधी बांधतात. यात खर्च काहीच नाही.

त्या कार्यशाळेतून निघालेली मोठी सुधारणाही साधीच होती. सँडचे दोन वाटे करायचे, एक वापरात असताना दुसरा थंड होऊ द्यायचा, चाचणी दुपारीही करायची आणि पाणी मापाने घालायचं. वाट्यांची कल्पना सँड प्लँटच्या मुलाची. जागा कुठे करायची ते कोअर शॉपमधल्या बायकांनी सांगितलं, कारण तिथली अडगळ त्याच रोज ओलांडत होत्या. कागदावर प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख लिहिली. नाव ज्याने काम करायचं त्याचं, सुपरवायझरचं नाही. महिन्याने मी पुन्हा गेले तेव्हा दुपारच्या रिजेक्शनची नोंद मामांनीच मला वाचून दाखवली. ते कमी झालं होतं आणि ते किती, हे त्यांना तोंडपाठ होतं.

एक प्रश्न मात्र दोन वाट्यांनी सुटणारा नव्हता. दिवस संपता संपता मी सगळ्यांना विचारते, की आज काय बोलायचं राहिलं? फेटलिंगचा तरुण हिंदीत म्हणाला, “मॅडम, बिजली का हिसाब हुआ, रेती का हुआ. धूल का नहीं हुआ.” कँटीनमध्ये कुणी हललं नाही. ग्राइंडिंगच्या वेळी कास्टिंगला चिकटलेल्या सँडची जी बारीक धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कायद्याने हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. धुळीला लोक इतके सरावलेले असतात, की कापडी रुमाल बांधला म्हणजे काळजी घेतली असं समजतात. रुमालाने ती धूळ अडत नाही.

तेव्हापासून माझ्या आखणीत धुळीला स्वतंत्र सत्र आहे आणि ते शेवटी नसतं. कार्बनचा रकाना भरणारी आणि फेटलिंगमध्ये धूळ खेचून घेणारी यंत्रणा न बसवणारी फाउंड्री शाश्वत आहे, असं मी कुणाच्याही प्रमाणपत्रावर लिहून देणार नाही. मालकांना हे पहिल्या भेटीतच सांगते. काही जण पुन्हा फोन करत नाहीत. जे करतात त्यांच्याबरोबर काम पुढे जातं.

पुढची कार्यशाळा टाकाऊ सँडवर आहे, काही फाउंड्र्यांची मिळून. प्रत्येकाने महिनाभर बाहेर गेलेल्या ट्रॉल्यांच्या वजनाच्या पावत्या आणायच्या आहेत. ग्रीन सँड आणि रेझिनची कोअर सँड वेगळी ठेवता येईल का, ती एकत्र येऊन पुन्हा वापरण्याजोगी करणं कुणाला परवडेल, नॉकआउटपाशी धूळ कुठे जास्त उडते, हे तीन प्रश्न ठरले आहेत. फेटलिंगच्या लोकांना यावेळी पहिल्या रांगेत बसवायचं आहे आणि त्यांच्या मजुरीचं आधीच बोलून घेतलं आहे. दोन फाउंड्र्यांनी पावत्या आत्तापासून जमवायला घेतल्यात. तिसऱ्यांकडे वजनकाटाच नाही, तर शेजारच्यांनी त्यांच्या ट्रॉल्या आपल्या काट्यावर घ्यायचं कबूल केलंय.