मोटारसायकल, पाना आणि यत्नाचार



लोणची-पापड झाले, चातुर्मासातला स्वयंपाक झाला, दशलक्षण पर्वातले नियम झाले. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, पण तो घरातलाच आहे. मोटारसायकल. आपल्यातल्या बहुतेक जणींचे अर्धे आयुष्य हिच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसण्यात गेले. बाळंतपणाला दवाखान्यात, मुलांना पाठशाळेत, पहाटे अभिषेकाला बस्तीत, सगळीकडे हिनेच नेले. तरी हिच्याकडे आपण पुरुषांची वस्तू म्हणूनच बघत आलो.

आमच्या घरी १९९९ साली घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर आहे. मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण हिशेबाची सवय गेली नाही. त्यामुळे गाडीची वही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. तारीख, किलोमीटर, किती लिटर पेट्रोल, कुठला भाग बदलला, किती पैसे गेले. मुलगा म्हणतो, "आई, आता विकून टाक, भंगाराचीसुद्धा किंमत येणार नाही." मी त्याला सांगते, घटत्या शिलकेच्या पद्धतीने घसारा काढला तर वस्तूची पुस्तकी किंमत कधीच शून्य होत नाही.

तर ही गाडी आणि आपला धर्म, यांचा संबंध काय?

आपले मुनिमहाराज वाहनात बसत नाहीत, पायी विहार करतात. चालताना चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचे, ही ईर्यासमिती. आपण गृहस्थ. आपल्याला ते जमणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन संसारात टळत नाहीत, म्हणून त्या होईल तेवढ्या कमी करायच्या. गाडी चालवणे आरंभी-उद्योगी हिंसेत येते. म्हणजे पाप शून्य होणार नाही. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे, आणि प्रमाद कमी करणे आपल्या हातात आहे. हवा न बघता काढलेली गाडी, सैल ब्रेक, मिणमिणता दिवा, हा सगळा प्रमादच नाही का?

आमच्याकडे रविवारी सकाळी पूजा आटोपली की गाडीचा अर्धा तास असतो. हे सूतगिरणीत स्टोअरकीपर होते, पाने-पकडी हाताळायची सवय जुनी. चार वर्षांपासून यांचा उजवा हात थरथरतो. प्लग खोलताना पाना निसटायला लागला, तेव्हापासून पाना माझ्या हातात आणि सांगणे यांचे. आता मला जे येते ते तुम्हालाही सहज येईल, म्हणून क्रमाने लिहिते.

आधी हवा. आमच्या गाडीला एकटे जाणार असाल तर पुढे २५ आणि मागे २८ हवा लागते. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात बरीच जास्त लागते. आपापल्या गाडीची पुस्तिका बघा, तिच्यात आकडा दिलेला असतो. आपण मागे बसतो, म्हणजे हा आकडा आपल्याच वजनाचा आहे! हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी.

मग ऑईल. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावायची. ऑईलची काडी काढून पुसायची, परत भोकात ठेवायची पण आटे फिरवायचे नाहीत, आणि मग बाहेर काढून बघायची. काडीवर दोन खुणा असतात, ऑईल त्यांच्या मध्ये हवे.

चेन. आमच्या गाडीचे चेनकव्हर पूर्ण बंद असते. त्याला एक रबरी बूच असते, ते काढले की बोटाने चेनचा ताण बघता येतो. वर-खाली मिळून साधारण दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे. फार सैल असली तर खडखडते, फार ताठ असली तर दातरी झिजवते.

प्लग इंजिन थंड असतानाच खोलायचा. टोक फिकट चॉकलेटी असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. ओले तेलकट असेल तर इंजिनात ऑईल वर चढते आहे, तेव्हा मेस्त्रींकडे न्यायची. चुलीच्या धुरावरून आपल्या आज्या लाकूड ओले की सुके ते ओळखायच्या, तसेच हे.

शेवटी दोन्ही ब्रेक, क्लचची केबल, हॉर्न, मागचा लाल दिवा. ब्रेक दाबल्यावर लाल दिवा लागतो की नाही हे चालवणाऱ्याला दिसत नाही. मागे उभे राहून बघायला दुसरे माणूस लागते. ते काम माझे आधीपासूनचे.

वहीचा उपयोग इथे होतो. टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी परत पूर्ण भरायची आणि भागाकार करायचा. आमची सरासरी ६२ च्या आसपास असते. एकदा ती ५५ वर आली. गाडी चालवताना यांना काही जाणवले नव्हते, आकड्याने आधी सांगितले. मागचा ब्रेक थोडा धरून राहत होता.

आता काम करण्याच्या रीतीबद्दल. वस्तू बघून उचलायची आणि जागा बघून ठेवायची, ही आदाननिक्षेपण समिती. टाकाऊ गोष्ट निर्जंतुक जागी टाकायची, ही उत्सर्ग समिती. मुनींचे हे नियम आपल्या अंगणातही चालतात. गाडीखाली आम्ही जुने पत्र्याचे ताट ठेवतो. चेन पुसायला रॉकेल घेतले तर ते ताटातच गळते. रॉकेलचे चार थेंब फरशीच्या फटीत गेले तर मुंग्यांची अख्खी ओळ मरते. मुंग्या ताटाच्या वाटेवर असतील तर ताट सरकवायचे किंवा काम तासाभराने करायचे, रविवार मोठा असतो.

ऑईल बदलले की लिटरभराच्या आत जळके ऑईल निघते. ते मोरीत, गटारात, झाडाच्या बुंध्याशी ओतायचे नाही. डब्यात भरून मेस्त्रींकडे द्यायचे, त्यांच्याकडून ते गोळा करून नेणारे असतात. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा तो डबा मागितला, दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती तिच्यावर ओतायला. नाही म्हणणे जड गेले. इतक्या वर्षांचा शेजार, आणि मागितले काय तर टाकाऊ ऑईल. पण आपण ज्यासाठी देतो ते माहीत असताना देणे वेगळे. मी त्यांना खरे कारण सांगितले. त्या दोन दिवस घुश्शात होत्या, मग संक्रांतीला तिळगूळ घेऊन आल्या.

कुंभारणीचीही गोष्ट सांगायला हवी. यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा गाडी पंधरा दिवस उभी होती. नंतर सीट काढून बघतो तर एअर फिल्टरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले. तोंड जवळजवळ बुजलेले. मेस्त्री म्हणाले, स्क्रूड्रायव्हर घाला आणि उडवून टाका, एका मिनिटाचे काम. खरोखर एका मिनिटाचेच होते. पण आत अळ्या आहेत हे कळल्यावर ते मिनिट संकल्पी हिंसेत गेले असते. हे काही बोलले नाहीत, सीट परत बसवली. मग आम्ही एस.टी.ने आणि रिक्षाने फिरलो. भाड्याचे पैसे मी वहीत वेगळ्या खात्यावर लिहिले. चोविसाव्या दिवशी मातीला गोल भोके दिसली, घर रिकामे झाले होते. मग ती माती खरवडली आणि गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली.

चालवण्याबद्दल थोडेच सांगते, कारण चालवणारे हे आहेत. पावसाळ्यात मुनिमहाराज एका जागी का थांबतात ते पहिल्या पावसानंतरच्या सकाळी रस्त्यावर बघितले की कळते. गांडुळे, गोगलगायी, मृगाचे लाल मखमली किडे, बेडकाची पिल्ले. त्या दिवसांत आम्ही वेग तीसच्या आत ठेवतो आणि शक्य असेल ते काम चालत करतो. ओल्या रस्त्यावर ब्रेकही उशिरा लागतो, म्हणजे हळू जाण्यात आपलाही जीव वाचतो.

मागे बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे कव्हर हवेच. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. गाडी सडपातळ दिसावी म्हणून मुले ते काढून टाकतात. सून-मुली ओढणी घेऊन बसतात, ती चाकात गेली तर काय होते ते लिहवत नाही. साडी गार्ड परत बसवून घ्या. आणि हेल्मेट मागच्यालाही कायद्याने लागते. अंबाडा मानेवर खाली बांधला की हेल्मेट नीट बसते, मी तसेच करते.

आता जे लिहायला मन कचरत होते ते.

ऑपरेशन एका डोळ्याचे झाले, दुसऱ्याचे व्हायचे आहे. रात्री समोरून येणाऱ्या दिव्याभोवती यांना मोठे वलय दिसते. त्यात हाताची थरथर. मी एक दिवस स्पष्ट सांगितले, "अहो, अंधार पडल्यावर गाडी काढू नका." हे म्हणाले, "चाळीस वर्षे चालवतोय, तुला आज भीती वाटायला लागली?" तीन दिवस घरात कामापुरते बोलणे होते. ज्या माणसाने आख्ख्या घराला सगळीकडे नेले त्याला "तुम्हाला आता जमत नाही" हे बायकोच्या तोंडून ऐकणे किती अवघड असेल, हे मलाही कळत होते. पण रस्त्यात कुणाचे मूल आडवे आले तर? तिथे माझा मानही राहणार नाही आणि यांचाही.

मग दशलक्षण पर्व आले. बस्तीत महाराजांच्या प्रवचनात गुणव्रते निघाली. दिग्व्रत म्हणजे जन्मभरासाठी दिशांची मर्यादा, देशव्रत म्हणजे ठरावीक काळासाठी त्याहून लहान मर्यादा. घरी आल्यावर हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी महाराजांपुढे हात जोडून स्वतःच नियम घेतला: सूर्यास्तानंतर गाडी चालवणार नाही आणि गावाच्या वेशीबाहेर नेणार नाही. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन होईपर्यंत. मी बायकांच्या बाजूला बसले होते, पदराने डोळे पुसले.

मी सांगितले असते आणि यांनी ऐकले असते तर ती माघार झाली असती. आता तेच व्रत आहे, आणि हे ते अभिमानाने पाळतात. कुणी संध्याकाळी बोलावले तर "माझा नियम आहे" म्हणतात. सूर्यास्ताच्या आत जेवायचे असल्याने आम्ही तसेही वेळेत घरी असतोच.

मागच्या महिन्यात सोळा वर्षांच्या नातवाने किल्ली मागितली, फक्त कोपऱ्यापर्यंत. त्याच्या आईने माझ्याकडे बघितले. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत एक हिंसादान आहे, म्हणजे हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. कायदाही तेच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मी नातवाला किल्ली दिली नाही, पाना दिला. आता रविवारी तो खाली बसून प्लग खोलतो, हे खुर्चीवरून सांगतात आणि मी वही लिहिते. त्याला ताट ठेवायची आठवण करून द्यावी लागते, पण मुंग्या दिसल्या की आता तो आपणहून थांबतो.

येत्या रविवारी तुम्ही एवढे तरी करा. गाडीची पुस्तिका कपाटातून शोधून काढा, हवेचा आकडा एका कागदावर लिहून गाडीच्या किल्लीजवळ चिकटवा, आणि यजमानांना ब्रेक दाबायला सांगून मागे लाल दिवा लागतो का बघा. नसेल लागत तर बल्ब त्याच दिवशी बदला.

जय जिनेंद्र.