हिशेबाची वही

थोरलीचा दहावीचा निकाल लागला ते साल २०२१. कोरोनामुळं परीक्षा झालीच नव्हती, शाळेतल्या गुणांवरच निकाल लागला. थोरलीला ९१ टक्के पडले. त्यातले खरे किती ते तिचं तिला ठाऊक, पण पोरगी हुशार होती. पेढे वाटून होतायत तोवर पारावरच्यांनी आमच्या घरचं ठरवूनही टाकलं, "लातूरला धाडा. डॉक्टर हुतीया पोरगी."

मलाही तेच पाहिजे होतं. आमचा माण तालुका दुष्काळी, इथं आभाळाच्या भरवशावर पोरीला कशाला ठेवायचं? चौकशी केली. नीटचा क्लास, राहणं, मेस धरून दोन वर्षांचे तीन लाख सांगितले. एवढं करून सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही तर, हे मी कुणालाच विचारलं नाही. विहिरीकडचं वीस गुंठे विकायचं मनात धरलं आणि एका गिऱ्हाइकाला रान दाखवूनही आणलं.

घरात कळायला दोन दिवस लागले. रात्री जेवणं झाल्यावर थोरली म्हणाली, "आण्णा, तुमची वही बघू."

वहीत सोसायटीचं पीककर्ज होतं, खताच्या दुकानाची उधारी होती. आणि शेवटच्या पानावर एका पाव्हण्याकडून घेतलेले पस्तीस हजार होते. ते मी तिच्या आईलाही बोललो नव्हतो. लेकीपुढं ती वही उघडायची म्हणजे चारचौघांत फाटकी बंडी दिसावी तसं झालं. तरी दिली. ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. शेवटचं पान आलं तशी तिची आई म्हणाली, "आवं, हे कवा घेतलं?" मी खाली मान घातली. थोरलीनं गुमान पान उलटलं. ते भांडण पुढं आठवडाभर पुरलं, ते सोडा.

मग तिनं तिचं सांगितलं. दहावीवर तीन वर्षांचा डिप्लोमा, कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात. फी हजारांत. त्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर पारावरचे म्हणले. मला कुणी इचारलं?"

मी तरी कुठं विचारलं होतं? गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. दोन शेळ्या बाजारात नेल्या, त्यात प्रवेशाचं आणि होस्टेलचं भागलं. पैशापेक्षा दाखल्यांनीच जास्त दमवलं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, एकेका कागदाला चार-चार चकरा. निकालाची वाट न बघता उन्हाळ्यातच ते काढून ठेवायचे असतात, हे धाकट्याच्या वेळी कामाला आलं.

२०२४ ला डिप्लोमा संपला. पुढच्या कॉलेजची फी ऐकून विहिरीकडचं रान पुन्हा डोळ्यांपुढं आलं. बँकेत गेलो तर साहेबानं आधी सातबारा मागितला. थोरलीनं मोबाइलवर नियम काढून पुढं धरला, चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. साहेब म्हणाले, बघू. त्यांचं बघणं चालू होतं तेवढ्यात जुलैत शासनाचा निर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आमच्यासारख्या ओबीसी मुलींना, तशाच ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या मुलींनाही, व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. राहणं-जेवण तेवढं आपल्याकडं. कर्जाचा अर्ज परत घेतला.

आता वही तीच लिहिते. सुट्टीला आली की महिन्याचा खर्च मांडते, मेस, झेरॉक्स, एसटीचा पास. मागच्या दिवाळीला मी चष्मा लावून वही चाळत होतो. देण्याच्या पानावर सोसायटीच्या खाली तिच्या अक्षरात ओळ होती, 'दोन शेळ्या, आण्णांचे देणे'. मी पेनानं ती ओळ खोडली.

संक्रांतीला बघितलं, तर खाली पुन्हा लिहिलेली.