अण्णांची रिळं

चि. निखिल,

काल फोन ठेवल्यापासून माझं कशात लक्ष नाही. माळ्यावरून प्रोजेक्टर काढलास याचा आनंद आहेच. पण ‘मुंजीचं रीळ लावून बघतो, मोबाइलवर घेतलं की बाकी कचरा काढून टाकू,’ हे किती सहज म्हणालास! कचरा? अरे, त्या डब्यात आई चालते आहे. फोटोत ती कुठेही सापडेल, पण चालणारी आई फक्त तिथे आहे.

प्लगला आधी हात लावू नकोस. अण्णांनी ते यंत्र शिकागोहून आणलं, म्हणजे ११० व्होल्टचं. आपल्याकडचे २३० त्याला दिलेस तर बल्ब जाईल आणि पाठोपाठ मोटर. तो जड ट्रान्सफॉर्मर शोध, बहुतेक पितळी समयांच्या पेटीमागे असेल. आतले रबरी पट्टे एवढ्या वर्षांत चिकट झाले असणार, ते बदलून घे. मग रीळ न लावता नुसता चालव आणि पंखा फिरतोय का बघ. पंखा बंद आणि बल्ब चालू राहिला तर फीत जागच्या जागी भाजते. फीत जिथून सरकते ती फट मऊ ब्रशने झाडून घे. तिथला एक कण पुरतो ओरखडा पाडायला.

आता रिळं. अण्णांनी मधेच कॅमेरा बदलला होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आधीची सगळी साध्या आठ मिलिमीटरची, नंतरची सुपर आठची. सुपर आठ १९६५ साली आली. तिची छिद्रं बारीक, चित्राच्या मध्याशेजारी. साधीची मोठी, दोन चित्रांच्या सीमेवर. तुझा प्रोजेक्टर साध्या आठचा आहे. त्यात सुपर आठ घातलीस तर ती फीत ओढणारा दात छिद्र चुकवून चित्रच फाडेल. भिंग घेऊन बघ, घाई करू नकोस.

आणि हे नीट ऐक. या फितीला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात फिरली तीच फीत धुऊन पडद्यावर येते. लग्नांच्या अल्बमांमागे निगेटिव्हची पाकिटं असतात, इथे काही नाही. ओरखडा पडला की तो आईच्या चेहऱ्यावर कायमचा पडला. म्हणून पहिल्यांदा जुन्या बाजारातलं एखादं कुणाचंही नको असलेलं रीळ लाव. मुंजीचं तर नाहीच.

मोबाइलवर घे, जरूर घे. चांगल्या माणसाकडून स्कॅन करून घे, दोन प्रती ठेव. पण म्हणून फीत फेकायची? अंधारात, कोरड्या, थंड जागी ठेवलेल्या कोडाक्रोम फितीचे रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. ती धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा कॅन्ससमध्ये होती; २०१० च्या अखेरीस तिनेही नवी रिळं धुवायला घेणं थांबवलं. तशी फीत आता कुणालाच नव्याने मिळणार नाही. तुझ्या मुलाच्या हयातीत किती मोबाइल बदलतील, ते मात्र तूच मोज. तुम्ही मुलं यंत्रावर विश्वास ठेवता आणि वस्तूवर नाही, याचाच मला राग येतो.

डबा उघडलास की आधी वास घे. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ते रीळ लगेच वेगळं कर. त्याच्या वाफेने शेजारची रिळंही बिघडतात, आणि आक्रसलेली फीत प्रोजेक्टरमध्ये घालायची नसते.

काळजी याहून वेगळीच आहे. या रिळांना आवाज नाही. कोण कोण आहे ते सांगणारं माणूस शेजारी बसलेलं लागतं. कुमुदवहिनींना आता नावं आठवेनाशी झाली आहेत. गेल्या खेपेला त्यांनी मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. तू प्रोजेक्टर दुरुस्त होईपर्यंत थांबू नकोस. रीळ हाताने हळूच उलगड, फक्त कडांना धर, भिंगातून बघ आणि त्यांना फोन लाव. मुंजीतला तो काळी टोपी घातलेला, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवलेला माणूस कोण, हे आजच विचार. मला नाही माहीत.

तुझी
शकूआत्या